तारणाचा अनुभव आला, आता पुढे काय? साक्षीची तयारी कशी करून घ्यावी?

तरुणसंघ_नगर

सर्वांना प्रेमळ सलाम.

इस्टरनंतर आमच्या मंडळीत चार रविवारांचा छोटा वर्ग ठेवायचा आहे, उपासनेनंतर पाऊण तास. येणारे दहा-बारा जण. बहुतेक ख्रिस्ती घरांतलेच, दृढीकरणही (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालेलं, पण विश्वास स्वतःचा झाला तो अलीकडे. तिघे-चौघे मात्र अख्रिस्ती घरांतून येतात, त्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय. सगळ्यांचं विचारणं एकच: प्रभूने तारलं हे कळलं, आता आम्ही करायचं काय, आणि लोकांना सांगायचं कसं?

आजवरची पद्धत म्हणजे माइक हातात द्यायचा आणि "साक्ष द्या", म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगा, म्हणायचं. मग कुणी वीस मिनिटं बोलतच राहतं, तर कुणी दोन वाक्यांत रडून खाली बसतं.

मला नेमकं हवंय ते असं: साक्षीच्या आधी काय शिकवावं? साक्ष लिहून घ्यावी का, किती लांबीची? घरचे ख्रिस्ती नसतील तर काय सांभाळावं? आणि कायद्याच्या बाजूने काय माहीत असावं? प्रवचन नको, वर्गात वापरता येईल असं सांगा.

---

निवृत्त_पाळक

सलाम. तुमच्या प्रश्नांचा क्रम चांगला आहे. माइक शेवटी येऊ द्या.

पहिल्या रविवारी फक्त इफिसकरांस २:८-१० घ्या. बहुतेक वर्ग नवव्या वचनावर थांबतात आणि दहावं राहून जातं. तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, हे आठ-नऊमध्ये. सत्कर्मांसाठी आपली निर्मिती झाली, हे दहामध्ये. हा क्रम उलटला की दोनपैकी एक घोटाळा होतो. एक तर माणूस उपास, दशांश (मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा), रात्रीच्या प्रार्थना यांचा हप्ता भरत बसतो आणि एखादा चुकला की "माझं तारण गेलं का?" म्हणून पाळकाच्या दारात येतो. नाही तर "कृपा झाली, आता काय बाकी राहिलं" म्हणून दुकानातलं वजनमाप आहे तसंच ठेवतो. पहिल्याला आठवं वचन द्या, दुसऱ्याला दहावं. दोघांना एकच औषध देऊ नका.

दुसऱ्या रविवारी लूक १९, येशूला पाहायला झाडावर चढलेला श्रीमंत जकातदार जक्कय. त्याचा प्रतिसाद हिशोबात दिसतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात, म्हणजे लेवीय ६:५ मध्ये, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय. चौपट हा चोरून विकलेल्या किंवा मारलेल्या मेंढराचा दंड, निर्गम २२:१. जक्कयाने स्वतःला जड दर लावून घेतला.

वर्गात याचा व्यवहार असा करा. प्रत्येकाला कोरा कागद द्या. तो कुणी गोळा करायचा नाही, कुणी वाचायचा नाही. तीन गोष्टी लिहायच्या: कुणाचे पैसे किंवा वस्तू देणं आहे, कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाबद्दल खोटं पसरवलंय. यातली सगळ्यात छोटी गोष्ट त्या आठवड्यात मिटवायची. मोठ्याला आधी हात घातला की माणूस धीर सोडतो. उसने घेतलेले पाचशे असतील तर पाचशे द्यायचे, जमल्यास वर शंभर, आणि एक वाक्य बोलायचं: "हे तुमचे होते, द्यायला उशीर केला, माफ करा." त्यापुढे कारणं जोडायची नाहीत. "त्या वेळी परिस्थितीच तशी होती" म्हटलं की माफी पुसली जाते.

दोन अपवाद. वैवाहिक बेइमानीसारखी बाब या कागदावरून थेट घरात न्यायची नाही. आधी पाळकाबरोबर बसायचं. आणि गुन्हा दाखल होण्यासारखं काही असेल तर पाळकाबरोबर वकीलही.

---

बेरियाकर

पाळकसाहेब, एक शंका. "आज या घराला तारण झाले आहे" हे प्रभू म्हणतो ते नवव्या वचनात, जक्कयाने आठव्यात पैशांचं जाहीर केल्यावर. हाच उतारा शिकवला तर पोरं म्हणणार, आधी दिलं म्हणून मिळालं. मग इफिसकरांस कुठे राहिलं?

---

निवृत्त_पाळक

म्हणूनच पाचव्या वचनापासून वाचायचं, आठव्यापासून नाही. "आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे" हे झाडाखाली उभं राहून म्हटलंय, तेव्हा जक्कयाने एक दमडी सोडलेली नाही. गावकरी कुरकुरले तेही सातव्या वचनात, म्हणजे देण्याच्या आधीच. नववं वचन म्हणजे झालेल्या गोष्टीची चारचौघांत दिलेली पावती. वर्गात कुणी ही शंका काढली नाही तर तुम्हीच काढा, पाऊण तास पुरणार नाही.

---

संडेस्कूलची_ताई

साक्ष लिहूनच घ्या. "पवित्र आत्मा आयत्या वेळी सुचवील" असं कुणीतरी म्हणेलच. ते वचन (मार्क १३:११) अटक करून न्यायसभेपुढे उभं केलेल्यांसाठी आहे, रविवारच्या उपासनेत तयारी टाळण्यासाठी नाही.

मोजमाप असं ठेवा. माइकवर बोलताना मराठीत मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. तीन मिनिटं म्हणजे साडेतीनशे शब्द, वहीचं दीड पान. पौलाने अग्रिप्पा राजापुढे दिलेली साक्ष, प्रेषितांची कृत्ये २६:२-२३, मोठ्याने वाचली तर चारेक मिनिटांत संपते. तेही जीवावर बेतलेलं असताना. तिचे भाग पाडून दाखवा: ४ ते ११ आधीचं आयुष्य, १२ ते १८ भेट, १९ ते २३ नंतरचं. मुलांनी याच बेताने लिहायचं. आधीचं ऐंशी शब्द, काय घडलं ते सव्वाशे, आता काय बदललं ते सव्वाशे, आणि शेवटी एखादं वचन.

बिघडतं कुठे? पहिल्या भागात. निम्म्याहून जास्त वेळ पापांच्या वर्णनात जातो आणि ऐकणाऱ्याला तेच लक्षात राहतं. दारू, मटका, मारामाऱ्या रंगवून सांगितल्या की मागच्या बाकावरची पोरं कान टवकारतात, आणि प्रभू आला की घड्याळ बघायला लागतात. उलट अडचण ख्रिस्ती घरातल्या मुलींची: "माझ्याकडे सांगण्यासारखं पापच नाही." त्यांनी पाप शोधून आणायचं नाही. राग, हेवा, आईशी खोटं बोलणं, सवयीने म्हटलेली प्रार्थना, हे पुरेसं खरं आहे.

तारीख आठवत नाही म्हणून कुणी अडलं तर पंडिता रमाबाईंचं सांगा. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटायला आणखी काही वर्षं जावी लागली. केडगावचं मुक्ती मिशन चालवणाऱ्या, अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या बाईंना जर तारणाचा एकच दिवस दाखवता येत नसेल, तर दृढीकरणाच्या वर्गातल्या पोरीला कशाला हवा?

आता भाषा. हे कच्चं वाक्य पाहा, असं दर रविवारी ऐकू येतं:

"मी जगिक जीवनात पापाच्या चिखलात पडलो होतो, परंतु प्रभूने मला आपल्या मोलवान रक्ताने धुऊन अंधारातून प्रकाशात आणले, हालेलूया."

यात चूक काही नाही, पण कामावरच्या सोबत्याला यातलं काय कळलं? तोच माणूस असं लिहू शकतो:

"पगाराच्या दिवशी बायको कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहायची, कारण मी सरळ घरी येणार नाही हे तिला माहीत होतं. येशूने मला माफ केलं यावर माझा विश्वास बसला, तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातात पूर्ण पाकीट दिलं. दारू एका दिवसात सुटली नाही, दोनदा घसरलो. पण आता लपवत नाही, आणि ती गेटवर येत नाही."

दुसऱ्यात "दोनदा घसरलो" आहे, ते खोडू नका. सगळं एका रात्रीत बदललं असं सांगणारा माणूस सहा महिन्यांनी घसरला की त्याची साक्ष त्याच्याच गळ्यात येते.

खोडायचं ते वेगळंच. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन सांगितलेलं पाप, आधीच्या धर्माची किंवा देवांची टिंगल, आणि "तुम्हीही प्रार्थना करा, तुमचा आजार जाईल" असलं आश्वासन. आपल्याला काय झालं ते सांगायचा अधिकार आपल्याला आहे. समोरच्याला काय होईल ते सांगायचा नाही.

लिहून झालं की दोघादोघांना समोरासमोर बसवा. ऐकणाऱ्याने एकच काम करायचं: न कळलेल्या शब्दाला हात वर करायचा. दोन फेऱ्यांत साक्ष निम्मी स्वच्छ होते. मग कागद घरी ठेवायचा. व्यासपीठावर वाचून दाखवलेली साक्ष म्हणजे अहवाल वाटतो.

---

वसईकर

ताईंनी छान मांडलंय. कॅथलिक बाजूने थोडं.

आमच्याकडे उभं राहून साक्ष देण्याची पद्धत मुख्यतः करिष्माई प्रार्थनासभांत, मिस्सामध्ये (आमच्या नेहमीच्या उपासनेत) नाही. पण पाळकांनी दिलेला कागदाचा प्रकार पापनिवेदनाच्या (धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याच्या) तयारीशी जुळतो. क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करायचं ओझं उतरत नाही. लोकांची गल्लत इथेच होते.

आणि बाप्तिस्म्याबद्दल: प्रौढांना आमच्याकडे तयारीच्या टप्प्यांतून नेतात आणि स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, शक्यतो इस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत होतो. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा एकदाच. तुमच्या वर्गात बालपणी बाप्तिस्मा झालेली मुलं आहेत. "आता खरा अनुभव आला, पुन्हा पाण्यात उतरू का?" हा प्रश्न येणारच. ब्रदरन किंवा पेन्टेकॉस्टल मंडळीत उत्तर वेगळं मिळेल, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि कॅथलिकांत वेगळं. वर्ग सुरू होण्याआधी तुमच्या पाळकांचं उत्तर ठरवून घ्या, नाही तर तिसऱ्या रविवारी अर्धा वर्ग नदीवर असेल.

---

निवृत्त_पाळक

वसईकर, शेवटचं वाक्य मी नोटीस बोर्डावर लावणार आहे.

घरच्यांबद्दल आता. मार्क ५ मधला गरसेकरांच्या प्रांतातला माणूस बरा झाल्यावर म्हणतो, मला बरोबर येऊ द्या. प्रभू नाही म्हणतो आणि त्याला स्वतःच्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवतो. अख्रिस्ती घरातून आलेल्यांना हाच उतारा द्या, कारण त्यांचा पहिला ओढा मंडळीतच मुक्काम ठोकण्याकडे असतो. आठवड्याला चार सभा, आणि घरात आईला दळण आणून द्यायला कुणी नाही. मग आई म्हणते, "त्या लोकांनी पोरगा पळवला." तिचं काय चुकलं?

पहिले काही महिने घरात बोलणं कमी आणि काम जास्त. १ पेत्र ३:१ विश्वास न धरणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला हेच सांगतं. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, ते सौम्यतेने, असं त्याच अध्यायात पंधराव्या वचनात आहे.

भांडणं होतात ती सणाच्या ताटावर. प्रसाद घ्यावा की नाही याबद्दल मंडळ्यांमंडळ्यांत मतं वेगळी. १ करिंथकरांस ८ आणि १० वाचून प्रत्येकाने आपापल्या पाळकाबरोबर ठरवावं. पण पद्धत सगळ्यांना सारखी लागू: घ्यायचा नसेल तर ताट पुढे आल्यावर पाहुण्यांसमोर नाही म्हणायचं नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आईला एकटीला सांगायचं, आणि लगेच विचारायचं, "उद्या कामाला मी काय करू?" पाणी भरणं, खुर्च्या लावणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, यात पूजा नाही.

देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसकरांनी पन्नास हजार चांदीच्या नाण्यांची जादूटोण्याची पुस्तकं जाळली, ती त्यांची स्वतःची होती. आई-वडिलांच्या तसबिरी तुमच्या मालकीच्या नाहीत. एका तरुणाने जोशात एक तसबीर उतरवली की त्या गल्लीत दहा वर्षं कुणी शुभवर्तमान ऐकत नाही.

आणि घाई नको. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने नवा करार दिला, बोलणं झालं, आणि तो उतरून गेला. पिच्छा पुरवला नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं कशी गेली ते लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय, मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. टिळकांच्या घरात जे पाच वर्षांत झालं ते तुमच्या वर्गातल्या पोराच्या घरात पाच आठवड्यांत व्हावं ही अपेक्षा धरू नका.

---

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात. हा सल्ला सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष प्रकरणात स्थानिक वकील गाठा.

घटनेच्या अनुच्छेद २५ नुसार धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपला विश्वास सांगता येतो. निर्णय समोरच्याचा, त्याच्या मर्जीने. साक्षीचा साचा "मला काय झालं" असा ठेवला तर तो कायद्याच्याही सोयीचा आहे.

राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि बदलत असतात. उदाहरणार्थ मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतराच्या ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे घोषणा करायची तरतूद आहे. सीमेपलीकडच्या गावात सभेला जाणाऱ्यांनी तिथला नियम आधी पाहावा. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते लेखी विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

आमिष हा शब्द सगळीकडे येतो. धान्यवाटप, शाळेची फी, औषधपाणी आणि साक्ष एकाच कार्यक्रमात, एकाच मंडपात ठेवू नका. मदत करायची तर वेगळ्या दिवशी, धर्म न विचारता, वाटपाची यादी ठेवून.

आजारांबद्दल ताईंनी सांगितलंय त्यात भर: गोळ्या बंद करा असं कुणीही, कधीही सांगायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे त्यात येतं. दुसऱ्याच्या धर्मभावना दुखावणाऱ्या बोलण्यासाठी भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ आणि ३०२ पाहा. (हे ३०२ जुन्या खुनाच्या कलमाचं नाही, घाबरू नका.)

आणखी एक, जे मंडळ्या सांगत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या शिक्षणावर, नोकरीवर, निवडणुकीच्या जागेवर याचा परिणाम होतो. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र असा धर्माशी बांधलेला नाही. बाप्तिस्म्याआधी ही माहिती त्या माणसाला बसवून द्या. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि कागदावर एक, चर्चमध्ये एक असं दुहेरी आयुष्य सुरू होतं. ते न्यायालयात टिकत नाही.

---

संडेस्कूलची_ताई

वर्ग संपल्यावरचं कुणी बोललं नाही. उत्साह साधारण महिन्या-दीड महिन्यात ओसरतो. प्रार्थनेत पूर्वीसारखं काही जाणवत नाही आणि मुलं समजतात की तारणच गेलं. हे होणार आहे असं चौथ्या रविवारी आधीच सांगून ठेवा. मत्तय १३:२०-२१ मधली खडकाळ जमीन, जिथे बी लगेच उगवतं पण मूळ नसल्याने टिकत नाही, ती तेव्हाच शिकवा.

मार्कचं शुभवर्तमान हातात द्या. सोळा अध्याय, रोज एक, मोठ्याने. बहुतेक अध्याय पाच-सात मिनिटांत होतात, चौदावा लांब आहे, तो दोन दिवसांत. प्रत्येक नव्या माणसाला मंडळीतला एक जुना माणूस जोडून द्या, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. आठवड्यातून एकदा अर्धा तास, चहावर. पाळकाला जोडू नका, त्याला वेळ नसतो आणि त्याच्यासमोर लोक खरं बोलत नाहीत.

साक्षीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नका. अख्रिस्ती घरातल्यांचा तर मुळीच नाही. घरच्यांना मुलाच्या तोंडून कळायच्या आधी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळलं की संपलं.

---

तरुणसंघ_नगर

सगळ्यांचे आभार, चारही रविवार भरले. साक्षी पाचव्या रविवारी, फक्त तिघांच्या, तीन-तीन मिनिटं. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पाळकसाहेबांना उद्याच भेटतो.

एक राहिलं. अख्रिस्ती घरांतल्यांपैकी एक मुलगी सतरा वर्षांची आहे. वडिलांना ती वर्गाला येते हे माहीत नाही. ती म्हणते साक्ष देणार, बाप्तिस्माही घेणार. तिला काय सांगू?

---

कोर्टकचेरी

अठरा पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा नाही, व्यासपीठावर साक्ष नाही. वर्गाला बसणंसुद्धा पालकांना माहीत असल्याशिवाय चालू ठेवू नका.

---

निवृत्त_पाळक

वकीलसाहेबांशी सहमत. मात्र हे तिला तुम्ही एकट्याने सांगू नका, ताईंसारख्या कुणा बाईंना बरोबर घ्या. "तू नको आहेस" असं तिला वाटता कामा नये. वडिलांना तिनेच सांगायचं, सोपं करून: "मी रविवारी चर्चला बायबलच्या वर्गाला जाते." त्यांना भेटायचं असेल तर तुमचा आणि पाळकसाहेबांचा नंबर तिच्याकडे द्या, आणि ते आले तर वर्गातच बसवा, सगळं ऐकू द्या. ते नाही म्हणाले तर तिने यायचं थांबवायचं. प्रार्थना करायला तिला वर्गात यावं लागत नाही. तोवर तिचं नाव कुठल्याही यादीत, ग्रुपवर किंवा फोटोत येणार नाही एवढं तुम्ही बघा.